वेताळाची घडी मोडली

बाबांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा जुना मराठी अंक सापडला, वेताळाचा (म्हणजे फँटमचा). मुखपृष्ठावर आडवी घडी, वर धूळ. आधी मऊ ब्रशने झटकला, मग पांढरा खोडरबर किसून त्याचा चुरा बोटाने हलकेच फिरवला. घडीवर मात्र नाही, तिथली शाई निघते. गंजलेल्या पिना काढल्या. हे आधीच करायचं, नाहीतर दमटपणाने तांबूस डाग पसरतो.

झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, तिच्यावर अंक. पाणी कागदाला लागता कामा नये! तासाभराने कागद नरम पडला. लगेच टीपकागदांत घालून दोन काचांमध्ये ठेवला, वर जाडजूड शब्दकोश. टीपकागद रोज बदलला. इस्त्री मुद्दाम टाळली. पाचव्या दिवशी घडी सपाट! शाई गेलेली पांढरी रेघ तेवढी राहिली.