सौम्य कोरोना घरी बरा होतो, पण अंगावर काढू नका: या चुका टाळा

माझ्या काकांना कोरोना झाला तेव्हा रोज सकाळी फोनवर एकच उत्तर यायचं, "मला काही झालेलं नाही गं, नुसती कणकण आहे." तिसऱ्या दिवशी तेच, सहाव्या दिवशीही तेच. फरक एवढाच, की सहाव्या दिवशी हे वाक्य त्यांना एका दमात बोलता आलं नाही. मध्येच थांबून त्यांनी श्वास घेतला. ताप आदल्या दिवशीच उतरला होता, त्यामुळे घरातले सगळे निर्धास्त होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९१. लगेच दाखल केलं, ऑक्सिजन मिळाला, बरे होऊन घरी आले. तेव्हापासून कुणाच्या घरी कोरोनाचा पेशंट आहे असं कळलं, की मी आधी विचारते, "आज कितवा दिवस?"

'सौम्य' या शब्दाने लोक फसतात. डॉक्टर सौम्य म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की आज धाप लागत नाही आणि रक्तातला ऑक्सिजन घसरलेला नाही. ताप १०२ असू दे, अंग मोडून येऊ दे, घसा इतका दुखू दे की आवंढा गिळवत नाही, तरी वैद्यकीय भाषेत तो सौम्यच. कुणाला जुलाब होतात, कुणाचं डोकं ठणकतं, कुणाचा वास जातो. २०२१ च्या अखेरीस कोरोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला, तेव्हापासून वास जाण्याचं प्रमाण घटलं आणि घसा, सर्दी, शिंका यांचं वाढलं. त्यामुळे 'वास येतोय ना, मग कोरोना नाही' हा जुना हिशेब आता सोडून द्या.

दिवस रिपोर्टपासून मोजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रिपोर्ट आला तो पहिला दिवस, असं धरून लोक मोजायला लागतात. पण पहिली कणकण किंवा घशातली पहिली खवखव जाणवली, तो पहिला दिवस. आमच्या काकांचा रिपोर्ट आला तेव्हा खरं तर त्यांचा चौथा दिवस होता आणि आम्ही त्याला पहिला समजत होतो.

या मोजणीवर दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे प्रकृती कधी बिघडू शकते. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू वाढत असतो. पुढे काहींच्या शरीराची प्रतिकारशक्तीच अति करते आणि फुप्फुसांना सूज येते. हे बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान होतं, म्हणजे नेमकं ताप उतरून 'सुटलो' असं वाटतं तेव्हा. दुसरी गोष्ट औषधाची. वय जास्त असेल, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरसारखी विषाणूविरोधी गोळी डॉक्टर देऊ शकतात. ती लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावी लागते. 'बघू दोन दिवस' करत बसलात तर ती वेळ निघून जाते. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना आधीच वाचून दाखवा.

निगेटिव्ह आली म्हणून मोकळं फिरणं

घरच्या घरी करायची अँटिजेन टेस्ट पहिल्या एक-दोन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा आणि तोवर वेगळ्या खोलीत राहा. विषाणू लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो, हेही लक्षात असू द्या. याच्या उलट, बरं झाल्यावर निगेटिव्ह रिपोर्टसाठी पुन्हा पुन्हा आरटी-पीसीआर करत बसू नका. विषाणूचे मेलेले अवशेष त्या टेस्टमध्ये कित्येक आठवडे दिसू शकतात.

ऑक्सिमीटर घाईत वाचणं

यंत्र लहान आहे, पण घोटाळे बरेच होतात. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीच्या ठोक्यांचा. नाडीचे ७२ बघून 'ऑक्सिजन ७२ झाला' म्हणून घर हादरलेलं मी पाहिलं आहे. दुसरा घोटाळा उलट्या पडद्याचा. समोर बसलेल्या माणसाला ९८ हा आकडा उलटीकडून ८६ दिसतो. म्हणून ज्याच्या बोटाला यंत्र लावलं आहे, त्याच्या बाजूने वाचा.

पेशंटला आधी पाच मिनिटं शांत बसवा. नखांना रंग असेल तर पुसा. हात गार पडले असतील तर चोळून ऊब आणा. मधलं किंवा अंगठ्याजवळचं बोट नखापर्यंत नीट आत सरकवा, हात छातीशी टेकवून ठेवायला सांगा आणि बोट हलू देऊ नका. पहिला आकडा टिपू नका. आकडे वरखाली होत राहतात. मिनिटभर थांबून जो स्थिरावतो तो लिहा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो रोज कोणत्या दिशेला सरकतोय ते जास्त बोलकं असतं.

९५ आणि त्यावर ठीक. ९४ किंवा ९३ पुन्हा मोजूनही तेवढाच आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ९२ किंवा खाली गेला, तर फोनच्या उत्तराची वाट न बघता थेट रुग्णालयात जा. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. तो डॉक्टरांकडून आधीच माहीत करून घ्या.

बसल्या जागी ९६ आणि दोन पावलं टाकली की खाली, असंही होतं. ते कळायला एक साधी चाचणी आहे. कुणीतरी जवळ उभं राहावं, पेशंटने खुर्चीतून एक मिनिट उठबस करावी आणि लगेच पुन्हा मोजावं. आकडा ३ किंवा जास्तीने उतरला तर डॉक्टरांना कळवा. आधीच ९४ च्या खाली आकडा आहे किंवा धाप लागते आहे, अशा माणसाला मात्र ही चाचणी करायला लावू नका.

यंत्र घरात नसेल तर श्वास मोजा. पेशंटला न सांगता मोजा, कारण सांगितलं की माणूस श्वास आवरून घेतो. छातीकडे पूर्ण एक मिनिट बघत राहा. विसावलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. २४ किंवा जास्त भरले तर उशीर करू नका. छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, हाका मारूनही नीट जाग न येणं, यापैकी काही दिसलं तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

'मी बरा आहे' वर विश्वास ठेवणं

ऑक्सिजन कमी झाला तरी काहींना धाप जाणवतच नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली, जेवण टाळायला लागली, उठताना पडली, दिवसभर झोपूनच आहे, तर तेच लक्षण समजा. एक वही घ्या. तारीख, कितवा दिवस, ताप, ऑक्सिजन, नाडी, खाणंपिणं, लघवी, एवढं दिवसातून तीनदा लिहा. मधुमेह असेल तर साखरही लिहा, कारण आजारपणात ती वाढते. डॉक्टरांना फोन केल्यावर 'काल बरं होतं वाटतं' यापेक्षा वहीतल्या चार ओळी कितीतरी जास्त सांगतात. रक्तदाबाच्या गोळ्या मनानेच बंद करू नका. २०२० मध्ये त्यांतल्या काहींमुळे कोरोना बळावतो अशी शंका निघाली होती, पण पुढच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही.

शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालवणं

'त्यांना या गोळ्यांनी गुण आला' म्हणून तीच पट्टी आणली जाते. त्यातली सगळ्यात घातक म्हणजे स्टेरॉइड. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट आकडे अपायाकडे झुकणारे होते. म्हणजे तेच औषध रुग्णालयात जीव वाचवतं आणि घरच्या सौम्य पेशंटला नको असतं. शिवाय त्याने साखर चढते आणि ताप दबतो, म्हणजे धोक्याची खूणही दिसेनाशी होते.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. अॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन घरी उपचार घेणाऱ्यांना देऊन बघितलं गेलं, तरी दुखणं लवकर बरं झालं नाही. तापाला पॅरासिटामॉल पुरते, पण तिथेही एक चूक होते. तापाची गोळी वेगळी, सर्दीची गोळी वेगळी आणि दोन्हींत पॅरासिटामॉल. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी.

वाफेने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. उकळत्या पातेल्यावर वाकून भाजून घेतलेली माणसं, विशेषतः मुलं, हे मोठं दुःख आहे. ते टाळा.

ताप उतरला की कामाला लागणं

सौम्य आजारातही माणूस काही दिवस, कधीकधी दहा दिवसांपर्यंत, संसर्ग पसरवू शकतो. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर तेवढे दिवस मास्क सोडू नका. आणि थकवा रेटू नका. एक दिवस झपाटून काम केलं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले, असं वारंवार होत असेल तर वेग कमी करा, कामाचे तुकडे पाडा. सुरुवातीपासून तीन महिने उलटले तरी थकवा, धाप किंवा डोक्यातला जडपणा जात नसेल, तर तो लाँग कोविड असू शकतो. मनाचे खेळ म्हणून तो झटकू नका, डॉक्टरांना दाखवा.

वास गेला असेल तर बहुतेकांचा काही आठवड्यांत परत येतो. रेंगाळला तर नाकाला सराव द्या. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, दिवसातून दोनदा, प्रत्येकाचा साधारण २० सेकंद शांतपणे वास घ्यायचा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. निदान तीन महिने करा. तोवर एक काळजी घ्यायला हवी, जी फारसं कुणी सांगत नाही. गॅस सुटला, काही करपलं किंवा अन्न आंबलं तरी तुम्हाला कळणार नाही. शिळं अन्न घरातल्या दुसऱ्या कुणाला हुंगायला द्या. एकटे राहत असाल तर शेगडीची बटणं रोज रात्री हाताने फिरवून बंद आहेत ना ते बघा आणि मगच झोपा.