वॉरंटीवाली सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताय? आधी कागद वाचा, मग बॉनेट उघडा

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की सगळे आधी गाडीच बघायला पळतात, मीपण पळालोय, आणि एकदा स्टार्टर मारला नि मागून तो आवाज आला की डोकं बंदच पडतं राव, सही कुठे करायची एवढंच विचारतो माणूस. म्हणून माझं सरळ म्हणणं, विकणाऱ्याला पहिला फोन कराल तेव्हा फोटो नका मागू, वॉरंटीचं अख्खं बुकलेट मागा. ब्रोशर नाही, "फुल कव्हर आहे हो सर" पण नाही, अटींसकट पूर्ण कागद. द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी गाडी शोधा.

आता "वॉरंटी आहे" म्हणजे नक्की कुठली, हे पण बघायला लागतं. कधी कंपनीची मूळ वॉरंटी उरलेली असते, ती गाडी पहिल्या मालकाला डिलिव्हर झाली त्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला दोन वर्षं येतील असं वाटतं आणि प्रत्यक्षात पाच महिने निघतात. कधी कंपनीचीच अप्रूव्ड किंवा सर्टिफाइडवाली असते, म्हणजे त्यांच्या डीलरने गाडी तपासून दिलेली, पोर्शेचं 111 पॉइंटचं चेकिंग त्यातलंच. माझ्या मते जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते हिच्यासाठी मोजावेत. आणि तिसरी बाहेरच्या वॉरंटी कंपनीची, जी खरं तर एक प्रकारचा विमाच असतो, त्यात चांगल्याही असतात आणि नुसत्या नावापुरत्याही. फेरारीवाल्यांचा अजून एक घोळ होतो, नव्या फेरारीबरोबर 7 वर्षांचं मेंटेनन्स येतं आणि ते गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जातं, लोक त्यालाच वॉरंटी समजतात, पण ते फक्त ठरलेलं सर्व्हिसिंग आहे, गिअरबॉक्स बसला तर त्यातून काही मिळत नाही.

बुकलेट हातात आलं की कव्हर काय आहे ते पान सोडा, कव्हर काय नाही ते पान आधी काढा. काही वॉरंट्यांमध्ये कव्हर असलेल्या पार्टची यादी असते, म्हणजे यादीत नाव नाही तर विषय संपला, आणि काहींमध्ये उलट, फक्त न मिळणाऱ्या गोष्टींची यादी असते, बाकी सगळं कव्हर. दुसरी कधीही बरी. क्लच, ब्रेक पॅड, डिस्क, टायर, बॅटरी हे घासणारे-झिजणारे पार्ट बहुतेक ठिकाणी बाहेरच असतात, ते मान्य. पण एका क्लेमला जास्तीत जास्त किती पैसे मिळणार, मेकॅनिकचा तासाचा रेट किती धरलाय (या गाड्यांचे स्पेशालिस्ट त्याच्या दुप्पट घेऊ शकतात), गिअरबॉक्स उघडून बघायचा खर्च कोणाचा आणि उघडल्यावर क्लेम नाकारला तर तो कोणाच्या माथी, एका पार्टमुळे दुसरा गेला तर दुसऱ्याचं काय, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले किती दिवस क्लेम करता येत नाही, हे सगळं तिथेच बारीक अक्षरात असतं.

सर्व्हिसच्या अटीवर तर दोनदा बोट फिरवा. माझ्या एका मित्राची गाडी वर्षभरात जेमतेम दीड हजार किलोमीटर चालली, तो म्हणाला चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलू, आणि सर्व्हिस चार महिने पुढे ढकलली. पुढे वॉटर पंप गळायला लागला. पंप कव्हर होता, पण क्लेम गेला, कारण कागदावर स्वच्छ लिहिलेलं "ठराविक किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी होईल ते". पंपाचा आणि ऑइलचा काय संबंध म्हणून तो दोन आठवडे भांडला, शेवटी खिशातून भरले. तेव्हा आधीच्या मालकाची सर्व्हिस हिस्टरी बघताना नुसते शिक्के नका मोजू, बिलं मागा आणि दोन बिलांच्या तारखांमधलं अंतर बघा. पोर्शेच्या अप्रूव्ड वॉरंटीत टायरचंही असंच, कंपनीने मान्य केलेलेच लागतात, टायरच्या बाजूला एन आणि पुढे आकडा असा शिक्का शोधा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप केलाय का, म्हणजे पॉवर वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, एक्झॉस्ट बाहेरचा आहे का, गाडी ट्रॅकवर जायची का हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण मोडिफिकेशन आधीच्या मालकाचं असलं तरी क्लेम तुमचा नाकारला जाणार.

वॉरंटी आहे म्हणून तपासणी नको, हा सगळ्यात महागडा समज. घेतानाच असलेला बिघाड बहुतेक वॉरंट्या धरतच नाहीत. त्यामुळे त्या मॉडेलवर काम करणारा स्पेशालिस्ट तुमच्या पैशाने न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. गाडी बघायला जाताना सांगून ठेवायचं की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा, इंजिन मागे असेल तर मागे. कोमट लागलं तर समजा कोणीतरी तुमच्या आधी स्टार्ट करून काहीतरी लपवलंय, कारण टकटक, निळा धूर, चेनची खडखड हे बऱ्याचदा थंड स्टार्टच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच सापडतं.

मग गाडीला बिघाड वाचायचा कॉम्प्युटर लावा. नव्या पोर्शेमध्ये इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद 6 रेंजमध्ये (कमी ते जास्त वेगाच्या 6 टप्प्यांत) राहते, मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला की वरच्या रेंज भरतात, 4 ते 6 मध्ये आकडे दिसले तर ते किती इंजिन तासांपूर्वीचे ते बघा आणि वॉरंटीवाल्यांना दाखवून हो म्हणवून घ्या. जुन्या लॅम्बोर्गिनी-फेरारीच्या सिंगल क्लचवाल्या ऑटोमेटेड गिअरबॉक्समध्ये क्लच किती झिजलाय हे मशीनवर वाचता येतं. ब्रेकच्या कार्बन सिरॅमिक डिस्क नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, त्या काढून वजन करतात आणि डिस्कवर लिहिलेल्या किमान वजनाशी ताडून बघतात. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. गेजने (जाडी मोजायचं यंत्र) मोजली तर पेंटची जाडी साधारण 80 ते 150 मायक्रॉन असते, एकाच पॅनेलवर 300 च्या वर गेली तर तिथे दुरुस्ती करून परत रंग मारलाय. कार्बन फायबर आणि प्लॅस्टिकवर साधा गेज चालत नाही, तिथे नजरच लागते.

प्रत्येक मॉडेलचं एक ठरलेलं दुखणं असतं, ते घरूनच वाचून जा. 996 पोर्शे (911 चं जुनं मॉडेल) आणि पहिल्या बॉक्स्टरचं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं), बीएमडब्ल्यूच्या ई92 एम3 चं रॉड बेअरिंग (पिस्टनच्या दांड्याचं), पहिल्या ऑडी आर8 चे गळणारे मॅग्नेटिक शॉक अब्सॉर्बर. आणि नेमका तोच पार्ट वॉरंटीत आहे का ते नाव घेऊन ईमेलवर विचारा. रॉड बेअरिंगला "झीज" म्हणून हात वर करणं फार सोपं आहे त्यांना.

कमी रनिंगची गाडी बघून पण लगेच हरखू नका, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे सील सुकतात, मला नियमित चाललेली जास्त रनिंगची गाडी आवडते.

शेवटचा फोन डीलरला नाही, थेट वॉरंटी कंपनीला करा. चेसिस नंबर सांगा आणि विचारा, पॉलिसी चालू आहे का, माझ्या नावावर होते का, किती दिवसांत आणि किती फी, खाजगी विक्रीत टिकते का, बाहेरच्या देशातून आणलेली गाडी चालते का, आणि कुठल्या वयापर्यंत रिन्यू होते. एका गाडीच्या वेळी मला तिकडून उत्तर आलं की पॉलिसी मागच्याच महिन्यात संपलीय. विकणारा मात्र त्याच दिवशी सकाळी बाकीचे पैसे कधी पाठवताय म्हणून विचारत होता.