किशोरवयीन मुलांसाठी कमी खर्चात पीसी जुळवताना या चुका टाळा

गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंग एकाच संगणकावर होत असले, तरी दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत. गेमचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. एडिटिंगमध्ये मात्र प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डातील व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये बदलणारा भाग) या सर्वांचीच कसोटी लागते. हे लक्षात न घेता बहुतेक पैसे ग्राफिक्स कार्डावर घालणे आणि उरलेल्या रकमेत बाकीचे सुटे भाग कसेबसे बसवणे, ही सर्वांत नेहमीची चूक होय.

कार्ड निवडतानाही केवळ गेममधील फ्रेमच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड साध्या गेमिंगसाठी चालून जाते. पण त्यात हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडरच नसल्याने एक्स्पोर्टचा (तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचा) आणि गेम रेकॉर्डिंगचा सगळा बोजा प्रोसेसरवर येतो. शिवाय ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस मदरबोर्डवर त्याची गती आणखी घटते. प्रोसेसरच्या बाबतीत असाच मोह इंटेलच्या 'एफ' अक्षर असलेल्या मॉडेलांचा होतो. त्यांत थोडी बचत होते, परंतु अंगभूत (प्रोसेसरमध्येच असलेले) ग्राफिक्स नसल्यामुळे एच.२६४ आणि एचईव्हीसी या प्रकारांत साठवलेले व्हिडिओ वेगाने हाताळणारी क्विक सिंकची सोय हातची जाते आणि कार्ड बिघडले तर पडद्यावर काही दिसण्याचा मार्गही उरत नाही. एडिटिंग करणाऱ्या मुलासाठी ही काटकसर मला पटत नाही.

रॅमची १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन पट्ट्या एकाच वेळी वापरल्या गेल्यामुळे, मिळणारी बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) दुप्पट होते. अंगभूत ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर हा फरक ठळकपणे जाणवतो. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. एवढे करूनही डीडीआर४ ची ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारे एक्सएमपी प्रोफाइल सुरू करायचे राहून जाते.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेटसोबत फुकट मिळाला म्हणून वापरू नये. '८० प्लस' हे चिन्ह विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते, संरक्षण-व्यवस्थेची हमी देत नाही. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला मुळीच जोडू नयेत. जोडणीची टोके सारखी दिसली तरी आतील तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळू शकते. जुने सुटे भाग घेताना विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप किंवा तशी सोय) लागते हे आधी पाहावे, कारण विंडोज १० चे नियमित अद्ययावतीकरण ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच भाग बदलायला धावू नये. प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी राहिली आहे का आणि रॅम खटका लागेपर्यंत बसली आहे का, हे प्रथम तपासावे. डीडीआर५ असल्यास पहिल्या वेळी काही मिनिटे थांबावेही लागते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असेल आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर पडदा दिसतो पण गेम रखडतात आणि दोष विनाकारण नव्याकोऱ्या कार्डावर येतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असणे, हेही तितकेच नेहमीचे आहे.

गेम सुरळीत चालतात आणि एडिटिंग मात्र अडखळते, तेव्हा कारण बहुधा फाइलमध्ये असते. फोनवरील एचईव्हीसी चित्रीकरण टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमधील क्लिप मांडण्याच्या पट्टीवर) जड जाते. अशा वेळी कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी फाइल तयार करून त्यांवर काम करावे, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होते. आवाज हळूहळू चित्राच्या मागेपुढे सरकत असेल, तर फोनने बदलत्या फ्रेम रेटने चित्रीकरण केलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि अशी फाइल हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून मगच टाइमलाइनवर घ्यावी.