घराबाहेर, दुकानाबाहेर दिवे लावताना या चुका टाळा

पुण्यात कोथरूड असो की वडगाव शेरी, दोन बिल्डिंगमधलं अंतर जेमतेम असतं. तिथे कंपाउंडच्या भिंतीवर फोकस सरळ समोर तोंड करून लावला, की पार्किंगपेक्षा जास्त उजेड समोरच्यांच्या बेडरूममध्ये पडतो. ‘आमच्या हद्दीत आमचा दिवा’ हे उत्तर इथे पुरत नाही. दिवा तुमच्या हद्दीत असला तरी झोप दुसऱ्याची मोडते, आणि त्रास सतत होत असेल तर उपद्रव म्हणून त्याविरुद्ध दाद मागता येते.

उपाय सोपा आहे. फोकसची काच जमिनीकडे झुकवा आणि वर पत्र्याची छोटी झडप लावून घ्या. मग अंधार पडल्यावर समोरच्या गेटपाशी उभं राहून बघा. एलईडीचा झगझगीत ठिपका थेट डोळ्यांत येत असेल, तर कोन अजून चुकलेला आहे. नुसती जमीन उजळलेली दिसली पाहिजे. पांढराशुभ्र 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा घेण्यापेक्षा पिवळसर 3000 केल्विनचा घ्या. डोळ्यांना तो खूप सुसह्य असतो. दिवस-रात्र ओळखणारा सेन्सर असेल तर त्याच्यावर त्याच दिव्याचा उजेड पडू देऊ नका, नाहीतर दिवा रात्रभर चालू-बंद होत राहतो.

दुकानदारांची चूक वेगळी. लक्ष्मी रोडवर किंवा एफसी रोडवर चमकणारी पाटी लावायची, तर आधी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात जा. फलकांसाठी राज्याचे 2022 चे नियम आहेत. पाटीचा आकार, जागा आणि ती प्रकाशित असणार का, हे तिथे विचारूनच रंगाऱ्याला पैसे द्या. चौकालगत लाल-हिरव्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या तर लावूच नका. पावसात काचेतून त्या सिग्नलसारख्या दिसतात आणि दुचाकीवाला फसतो.

घरगुती मीटरवरून दुकानाची पाटी पेटवणं हीसुद्धा सर्रास होणारी चूक. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे असा वापर अनधिकृत ठरला, तर आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

झाडाला खिळे ठोकून माळा टांगू नका. शहरी झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे, आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे झाड तोडण्यातच धरलं आहे. सणासुदीला हौस म्हणून हे केलं जातं, पण खिळ्याची जखम झाड वर्षानुवर्षं सोसतं.

आता पावसाळ्यातली नेहमीची तक्रार: बाहेरचा दिवा लावला की घरातली आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडते. बहुतेक वेळा पाणी जोडाच्या डबीत शिरलेलं असतं. केबल डबीत वरून घातली असेल तर पाणी तिच्या अंगावरून आत उतरतं. केबल खालून घ्या आणि डबीच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातील. फिटिंग निदान आयपी 65, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारं, हवं. दिव्याचं बटण बंद करूनही आरसीसीबी पडत असेल तर चक्रावू नका. बटण फक्त फेज म्हणजे वीज आणणारी तार तोडतं, न्यूट्रल म्हणजे परतीची तार जोडलेलीच राहते आणि ती ओल्या डबीत अर्थिंगला टेकलेली असू शकते. वायरमनला मेन स्विच बंद करून बाहेरच्या लाइनच्या दोन्ही तारा सोडायला सांगा, मगच दोष कुठे आहे ते कळेल. तोवर आरसीसीबी काढून थेट जोडणी करून घेऊ नका.