दाखल्यावर नावच नव्हतं!

पुण्याहून नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला जाताना कंपनीने रिलोकेशन एजन्सी दिली होती. घर, सामान, तिथल्या नगरपालिकेतली नोंदणी, सगळं त्यांच्याकडे, आम्ही निर्धास्त. नोंदणीला मुलांचे अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारलेले, जन्मदाखले लागतात. धाकटीचा दाखला काढला तर नावाची जागा कोरी! बारशाआधीच तो घेतलेला, नाव चढवायचं राहूनच गेलं. एजन्सी म्हणाली, हे आमच्या कामात बसत नाही. मग मीच महापालिकेत खेटे घातले. नाव १५ वर्षांपर्यंत चढवता येतं, हे तिथे कळलं. नवा दाखला, त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. थोरल्याचं सोपं गेलं. तिकडे मुलं चौथ्या वाढदिवसापासून शाळेत जातात. कंटेनरमधला कुकर मात्र दोन महिन्यांनी पोचला.