गावाचा जुना नकाशा ऑनलाइन शोधताना

टेक्सास युनिव्हर्सिटीच्या पेरी-कास्टानेडा लायब्ररीत भारताचे जुने नकाशे स्कॅन करून फुकट ठेवलेत, यू ५०२ नावाची सिरीज, अमेरिकन लष्कराने 1950 च्या दशकात काढायला घेतलेली. पण तिथे सर्च बॉक्समध्ये आपल्या गावाचं नाव टाकून बसू नका, काही हाती लागत नाही, कारण शीटला नाव एखाद्या मोठ्या गावाचं असतं आणि तेही इंग्रजांच्या स्पेलिंगने, म्हणजे पूना, शोलापूर, वसईचं बसीन. त्यापेक्षा आधी गूगल मॅपवर गावाचे अक्षांश-रेखांश बघून घ्या, मग इंडेक्स नकाशा (कुठलं शीट कुठल्या भागाचं ते चौकोनांत दाखवणारा) उघडा आणि आपला चौकोन शोधा. शीटच्या नंबरची सुरुवात भागावरून ठरते: पुणे एनई ४३ (NE 43) मधे येतं, जळगाव एनएफ ४३, नागपूर एनएफ ४४. हे एकदा डोक्यात बसलं की मग पाच मिनिटांचं काम.

फाइल आधी डाउनलोड करा आणि मगच झूम करा, ब्राउझरमधे बघत बसलात तर अक्षरं फुटतात. स्केल 1:250,000 आहे, म्हणजे कागदावरचा 1 सेंमी = 2.5 किमी, त्यामुळे वाडी-वस्ती, गट नंबर वगैरे मिळेल ही आशा सोडा, सातबाऱ्याच्या भांडणात याचा काडीचा उपयोग नाही 😄

आणि तळाची बारीक अक्षरं वाचाच. छपाईचं साल वेगळं आणि मूळ सर्व्हेचं वेगळं, कधीकधी बरंच जुनं. उजनीच्या भागातलं शीट काढून बघा, धरण 1980 चं, त्यामुळे तिथे बॅकवॉटर नाहीच, नुसती भीमा वळणं घेत जाताना दिसते. आमच्या आजोबांना दाखवलं तर ते फोनवर बोट ठेवून अर्धा तास जुना रस्ता शोधत होते.