व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला आधी स्पीकर जोडा, मग वीज द्या

घरात व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा), ट्रान्झिस्टरचा आणि छोटा क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) असे दोन-तीन अँप्लिफायर असले की स्पीकरच्या वायरी इकडून तिकडे होतातच. त्यात व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. स्पीकरचा भार नसताना गाणं लागलं, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन जळू शकतं. हा ट्रान्सफॉर्मर बदलणं फार महागात पडतं. ट्रान्झिस्टरवाल्याचं नेमकं उलटं. त्याला रिकामं राहिलेलं चालतं, पण लाल-काळ्या वायरी एकमेकींना टेकलेल्या चालत नाहीत. त्या टेकायला तांब्याची एक सुटी तार पुरते! म्हणून मी सगळ्या टोकांना बनाना प्लग (सुट्या तारा आत झाकणाऱ्या पिना) लावून टाकलेत.

एकच स्पीकर हव्या त्या अँप्लिफायरला जोडणारा स्विच बॉक्स घेणार असाल तर लाल आणि काळी, दोन्ही वायरी तोडणारा घ्या. बऱ्याच क्लास डीमध्ये काळं टोक अर्थिंगला नसतं, त्यातूनही सिग्नल जातो.

कमी वॅटच्या व्हॉल्व्हला जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठे वाजणारे स्पीकर द्या. 95 डेसिबलचा स्पीकर 1 वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 85 डेसिबलवाल्याला 10 वॅट लागतात.